परसातील तांबडा भोपळा : तोडणी, मुरवण व साठवण

मृगाचा पाऊस पडला की पेण व रोहा तालुक्यांतील पुष्कळ घरांच्या परड्यात, गोठ्यामागे अथवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ तांबड्या भोपळ्याचे चार दाणे टोचले जातात. त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही. शेणखताची पाटी आळ्यात पडली आणि वेलाला चढावयास मांडव, कुंपण किंवा गोठ्याचे छप्पर मिळाले म्हणजे बाकीचे काम पाऊस करतो. भाद्रपदात वेल फळांनी भरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची दृष्टी त्यावर ठरते. तथापि दिवाळीनंतर दीड-दोन महिने जातात न जातात तोच त्या घरातील गृहिणी भाजीसाठी बाजाराची वाट धरते. वेलाला धरलेले भोपळे गेले कोठे, याचा हिशेब घेतला तर उत्तर बहुधा सारखेच येते. काही गणपतीच्या दिवसांत कोवळे असतानाच कापले गेले, काही शेजारीपाजारी वाटले गेले आणि उरलेले माळ्यावर कुजले. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कोणी तक्रार करू नये. तिसरी गोष्ट मात्र टाळता येण्यासारखी आहे.

हे नुकसान लहान नव्हे. पेणच्या पश्चिमेस खाड्यांलगत पसरलेल्या खारेपाटात, वाशी, वढाव, शिर्की यांसारख्या गावांच्या परिसरात, भात निघाल्यावर जमिनीतील क्षार वर येऊ लागतात व गोड्या पाण्याची टंचाई भासू लागते. माघ-फाल्गुनात परड्यातील आळ्याला घालावयास घागरभर पाणी काढणेही तेथे जिवावर येते. अशा घरी आश्विन-कार्तिकात साठविलेला जून भोपळा हीच उन्हाळ्याच्या तोंडावरची हक्काची भाजी होय. शिवाय पिकलेल्या भोपळ्याच्या नारिंगी गरात कॅरोटीन असते व शरीरात त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व बनते. हे जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे लहान मुलांना रातांधळेपणा येतो. भारत सरकारने १९७० साली बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला तो याच कारणाने. मुलाच्या ताटात महिन्यातून चार-सहा वेळा तेलाची अथवा तुपाची फोडणी दिलेली पिवळ्याजर्द भोपळ्याची भाजी पडणे ही म्हणूनच क्षुल्लक गोष्ट नाही. स्निग्ध पदार्थाशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही, यास्तव फोडणीचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

आंबा व भोपळा

कोकणातील माणसाला फळ पिकविण्याची विद्या शिकवावयास नको. आंबा हिरवा असतानाच उतरवावा, पेंढ्याच्या आढीत घालावा आणि आठ-दहा दिवसांनी आढी उघडावी, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक असते. नेमकी हीच विद्या भोपळ्याच्या आड येते. दसऱ्याच्या सुमारास वेल जुना दिसू लागला की सर्व फळे एकदम तोडली जातात, माळ्यावर पेंढ्यात दडपली जातात आणि ती आपोआप पिकतील असे मानले जाते. महिन्याभराने पेंढा बाजूला केला म्हणजे बुरशीचा वास येतो व हात ओला होतो.

वास्तविक आंब्याचाही नियम वेगळा नाही. झाडावर तयार न झालेली कैरी आढीत पिकत नाही, ती सुरकुतते. ‘तयार’ फळात झाडाने साठविलेला स्टार्च, म्हणजे पिठूळ अंश, भरपूर असतो व आढीत त्याची साखर होते. भोपळ्यातही असेच घडते. पाने उन्हात जे अन्न तयार करतात ते फळात स्टार्चच्या रूपाने साठते आणि तोडणीनंतर हळूहळू त्याची साखर बनते. परंतु हा साठा वेलावर असतानाच व्हावा लागतो. देठ कापला की भर पडणे थांबले. कोवळ्या फळात स्टार्चच नसेल तर साखर कशाची होणार? असे फळ पडवीत ठेवून कधी कधी रंगाने पिवळे होते आणि त्यावरूनच फसगत होते. आतील गर पाणचट तो पाणचटच राहतो. अशा भोपळ्याचे घारगे करावयास घेतले तर किसाला इतके पाणी सुटते की पीठ वाढवीत वाढवीत गोडी नाहीशी होते, हा अनुभव अनेक घरी आला असेल.

दुसरा भेद वाऱ्याचा. आंब्याला आढीत ऊब व कोंडलेली हवा मानवते, कारण त्याचे काम आठवड्यात आटोपते. भोपळ्याला महिने काढावयाचे असतात. पेंढ्यात दडपलेल्या फळाभोवती दमट हवा कोंडते, आणि आश्विनात तर पेंढा स्वतःच पुरता वाळलेला नसतो. पेंढा भोपळ्याच्या खाली अंथरावा, वर घालू नये.

जून फळाची ओळख

सर्वांत खात्रीची खूण सालीची आहे. कोवळ्या फळाची साल चकचकीत असते व तिच्यावर अंगठ्याचे नख टेकताच ते आत रुतते. फळ जून होऊ लागले म्हणजे चकाकी जाते, हिरवा रंग मावळून जातीप्रमाणे पिवळसर, बदामी अथवा तांबूस रंग चढतो आणि काही जातींवर भस्मासारखी फिकट छटा येते. नख जोराने दाबूनही साल फुटली नाही, तर फळ तयार झाले असे समजावे. नखाची परीक्षा देठाजवळ व हलक्या हाताने करावी. दहा जणांनी दहा ठिकाणी नखे रुतवून पाहिलेला भोपळा टिकत नाही, कारण प्रत्येक ओरखडा म्हणजे बुरशीला उघडलेले दार होय.

दुसरी खूण देठाची. फळ वाढत असते तोवर देठ हिरवा व रसरशीत असतो. पुढे तो कठीण होतो, त्यावर बुचासारख्या उभ्या रेघा दिसू लागतात व रंग राखी-पिवळा होतो. साल व देठ या दोन्ही खुणा जुळल्या म्हणजे तोडणीस हरकत नाही. जमिनीवर टेकलेल्या बाजूचा डाग पांढऱ्याचा गडद पिवळा होतो, हीही उपयोगी खूण आहे, परंतु मांडवावरील फळास ती लागू नाही. फळाजवळचा ताणा वाळला की फळ तयार, असे काही ठिकाणी सांगितले जाते. ही खूण कलिंगडाची आहे, भोपळ्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. टिचकी मारून आवाज ऐकण्याची रीतही सरावलेल्या कानालाच उपयोगी पडते.

याहून सोपा उपाय म्हणजे दिवस मोजणे. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढे फळ आधीपासूनच दिसते. असे फूल ज्या दिवशी उमलेल त्या दिवशी देठाला रंगीत चिंधी सैल बांधावी व भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करावी. तेथून जातीनुसार व हवेनुसार ४५ ते ६० दिवसांत फळ जून होते. नारळी पौर्णिमेच्या आसपास धरलेली फळे यामुळे कोजागरीच्या मागेपुढे तोडणीस येतात. पितृपक्षानंतर धरलेल्या फळांना मात्र एवढा काळ मिळणे कठीण असते. तोवर पानांवर भुरी पडलेली असते, वेल थकलेला असतो. अशी मागास फळे वेलावर ठेवून आधीच्या फळांच्या वाट्याचे अन्न त्यांना देण्यापेक्षा ती लहान असतानाच भाजीस काढून घ्यावीत. एका वेलावर तीन-चार फळे जून होऊ देणे पुरे. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी अथवा उपवासासाठी जी फळे लागतात ती या खुडणीतून सहज मिळतात, त्यासाठी साठवणीच्या फळावर विळा चालविण्याचे कारण नाही.

भुरीचा उल्लेख वर आला आहे तो प्रसंगाने नव्हे. पिठासारख्या पांढऱ्या डागांनी पाने अकाली वाळली म्हणजे फळांकडे जाणारे अन्न तुटते आणि बाहेरून मोठी दिसणारी फळे आतून पोकळ व बेचव निघतात. डाग दिसू लागताच उपाय केला तर फळे भरण्यास महिनाभर मिळतो. फवारणीसाठी कोणते औषध व किती प्रमाणात घ्यावे हे कृषी सहाय्यकास विचारूनच ठरवावे, कारण परसातील भाजी घरचीच मुले खातात. फळमाशीचेही तसेच. ती कोवळ्या फळात अंडी घालते व डंखाची ती जागा पुढे साठवणीत सडते. क्यू-ल्यूरचा एखादा सापळा मांडवाजवळ टांगल्यास नर माश्या त्यात सापडतात. डंखलेली फळे मात्र परड्यातच पडू देऊ नयेत, वेचून खोल पुरून टाकावीत.

हस्ताचा पाऊस

पेण-रोह्याच्या हवेत तोडणीची खरी अडचण येते ती हस्त नक्षत्रात. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी आभाळ भरून येते, गडगडाट होतो व तासाभरात परडे ओले होते. जमिनीवर टेकलेले फळ याच पंधरवड्यात खालून सडते. यासाठी फळ नारळाएवढे झाले की त्याच्या खाली फुटक्या कौलाचा तुकडा किंवा चपटा दगड सरकवून ठेवावा. कौल पाणी धरून ठेवीत नाही व फळाला चिखल लागू देत नाही. ज्या घरी कौले उतरवून स्लॅब घातला गेला आहे तेथे जुनी कौले मागील दारी रचलेली असतातच, त्यांचा हा चांगला उपयोग आहे. मांडवावर लोंबणाऱ्या जड फळाला सुंभाची झोळी करून मांडवालाच बांधावी, म्हणजे वाऱ्याने देठ पिळवटत नाही.

तोडणीसाठी दोन-तीन कोरडे दिवस गेल्यावरचा दिवस निवडावा व सकाळचे दव उडून गेल्यानंतर काम सुरू करावे. ओल्या देठावरचा काप सुकत नाही. फळ जून झालेले आहे आणि पाऊस उघडीप देत नाही, अशा वेळी ते खाली सडू देण्यापेक्षा उतरवून पडवीत आणणेच बरे. मात्र अजून हिरव्या असलेल्या फळांना त्यांच्याबरोबर तोडू नये. वेलावरील सर्व फळे एकाच दिवशी उतरविण्याची घाई बहुधा भातकापणीच्या गर्दीमुळे होते. ती समजण्यासारखी आहे, परंतु हलव्या भाताची कापणी व गरव्या भाताची कापणी यांत जसे अंतर राहते तसे पहिल्या व शेवटच्या भोपळ्यातही राहते.

देठ हा साठवणीचा प्राण आहे. विळ्याने किंवा कोयत्याने देठ असा कापावा की फळावर तीन-चार बोटे भाग शिल्लक राहील. हाताने पिरगळून तोडलेल्या फळाचा देठ मुळापासून उपटतो आणि तेथे पडलेल्या खळग्यातून सड थेट गरात उतरते. देठ धरून फळ उचलू नये, तान्ह्या मुलाप्रमाणे खालून दोन्ही हातांनी धरावे. गोठ्याच्या छपरावरील फळे काढताना एकाने वर चढून देठ कापावा व फळ टोपलीत घालून दोरीने खाली सोडावे. वरून टाकून खाली झेलण्याचा खेळ तरुण मंडळी आवडीने करतात. फळ फुटले नाही तरी आतून ठेचाळते व महिन्याभराने तेवढाच भाग काळा पडतो. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर चढणे जिवावर बेतते ते वेगळेच.

मुरवण

तोडलेला भोपळा लगेच माळ्यावर चढवू नये. त्याला दहा ते चौदा दिवस वारा द्यावा. या अवधीत सालीवरील बारीक ओरखडे बुचासारख्या थराने भरून येतात, देठाचा काप सुकून बंद होतो व सालीतील जादा ओल निघून जाते. थंड देशांत यासाठी ऊब दिलेल्या खोल्या वापरतात, कारण जखमा भरून येण्यास २५ ते ३० अंश सेल्सिअस तपमान अनुकूल असते. कोकणात आश्विनातील हवाच तेवढी, किंबहुना थोडी अधिकच, उष्ण असते. ऊब विकत घ्यावी लागत नाही. सांभाळावयाचे असते ते ओलीपासून.

पडवीत बाज, फळ्या किंवा बांबूच्या कामट्यांची ताटी जमिनीपासून हातभर उंच मांडावी. तिच्यावर कोरड्या पेंढ्याचा पातळ थर पसरून फळे एकमेकांना न टेकतील अशी ठेवावीत. दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक फळाची बाजू बदलावी. फळे धुऊ नयेत. चिखल असल्यास तो वाळू द्यावा व कोरड्या फडक्याने पुसून काढावा. देठाच्या कापावर चुलीतील कोरडी राख चोळल्यास ती ओल शोषून घेते. अंगणातील रणरणत्या उन्हात दिवसभर ठेवल्यास साल भाजते व रात्री उघड्यावर राहिल्यास दव पडते, म्हणून पडवी हीच योग्य जागा होय. ज्या घरांना पडवी राहिलेली नाही तेथे जिन्याखालची वाऱ्याची जागा किंवा पत्र्याच्या छपराखालचा ओटा चालेल.

स्टार्चची साखर होण्यास मात्र याहून थोडा अधिक काळ लागतो. तोडल्या दिवशी शिजविलेला जून भोपळा पिठूळ लागतो, तोच तीन-चार आठवड्यांनी गोड लागतो व त्याचा रंगही अधिक गडद होतो. दसरा ते दिवाळी या वीस दिवसांचे अंतर या दृष्टीने सोयीचे आहे. दसऱ्याला उतरविलेल्या भोपळ्याचे दिवाळीला घारगे केले तर गूळ कमी लागतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखवून द्यावे. एकाच वेलावरील चार जून फळे घ्यावीत. दोन देठासह कापावीत व पंधरा दिवस वारा देऊन ठेवावीत, दोन देठ पिरगळून तोडावीत व तशीच पेंढ्यात ठेवावीत. प्रत्येकावर तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून चारही फळे एकाच घरी ठेवावीत आणि मार्गशीर्षातील एखाद्या गुरुवारी महिला बचत गटाच्या समोर ती कापून दाखवावीत. या प्रात्यक्षिकाला दमडीचा खर्च नाही. घर निवडताना मात्र ज्या बाईच्या शब्दाला वाडीत मान आहे तिचे निवडावे.

कोठे ठेवावे व किती दिवस

जुन्या कौलारू घरांत चुलीवरचा माळा ही उत्तम जागा असे. धुराने ती कोरडी राही व किडामुंगीही कमी येई. आता चूल गेली आणि पुष्कळ घरांचा माळाही गेला. सिमेंटच्या फरशीवर थेट ठेवलेल्या भोपळ्याच्या बुडाशी ओल धरते, यासाठी फळी किंवा गोणपाट अवश्य घालावे. आढ्याच्या वाशाला अथवा खिडकीच्या वरच्या कडीला शिंके टांगून त्यात एकेक फळ ठेवण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत निर्धोक आहे. वारा चोहोकडून लागतो व उंदराला पोचता येत नाही. पिकावयास ठेवलेला केळीचा लोंगर त्याच खोलीत नसावा. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन वायू निघतो व त्याने भोपळ्याचे वय लवकर उलटते. अखंड भोपळा शीतकपाटातही ठेवू नये, दहा अंशांखालील थंडी त्याला बाधते. कापलेली फोड मात्र शीतकपाटातच ठेवावी व चार दिवसांत संपवावी.

दर आठवड्यास प्रत्येक फळ हातात घेऊन पाहणे जरूर आहे. देठाजवळ मऊपणा, बुडाशी ओलसर डाग किंवा आंबूस वास जाणवला तर ते फळ त्याच दिवशी कापावे, बिघडलेला भाग मोठ्या फरकाने काढून टाकावा व उरलेले शिजवावे. एक सडके फळ शेजारच्या चौघांना घेऊन जाते.

पेण-रोह्याच्या उष्ण हवेत नीट मुरविलेला तांबडा भोपळा दोन ते चार महिने टिकतो असे धरून चालावे. थंड प्रदेशात तो याहून अधिक राहतो, तेथील आकड्यांवरून येथे आशा धरू नये. हिशेबासाठी एक उदाहरण घेता येईल. चार वेल, प्रत्येकी तीन जून फळे, म्हणजे बारा भोपळे. दहा दिवसांस एक कापला तर दिवाळीपासून होळीपर्यंतचे चार महिने निघतात. पातळ सालीची व ओरखडे असलेली फळे आधी कापावीत, कठीण सालीची व आखूड-जाड देठाची शेवटी.

कोहळ्याचा नियम किंचित निराळा आहे. कोहळा हा येथील जुना रहिवासी, संस्कृतातील कूष्माण्ड तो हाच. तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातील असून पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात तो आपल्याकडे रुळला. कोहळ्याच्या अंगावरील लव झडून पांढरी भुकटी दाट चढली म्हणजे तो जून झाला. ती भुकटी पुसू नये, तोच त्याचा अंगरखा आहे. देठासह काढलेला व टांगून ठेवलेला कोहळा पुढच्या पावसाळ्यापर्यंतही राहतो. दारावर टांगलेला कोहळा वर्षभर कसा टिकतो याचे नवल वाटणाऱ्यांनी त्याची साल पाहावी.

रोह्याकडील उन्हाळी पीक

भिरा येथील जलविद्युत केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. तेथून सुटणारे पाणी कुंडलिकेत येते आणि कोलाडजवळच्या डोळवहाळ बंधाऱ्यावरून कालव्यांनी रोहा तालुक्यातील शेतांना मिळते. या कालव्यांच्या काठी माघात लावलेला भोपळा वैशाखात तोडणीस येतो. त्याची फळे पावसाळी फळांपेक्षा भरदार व गोड होतात, कारण त्यांना ऊन भरपूर मिळते. मुरवणीला हवाही कोरडी असते. परंतु पुढे लगेच पावसाळा आहे. मृग लागल्यावर घरात सर्वत्र ओल धरते, मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते. त्या हवेत भोपळा महिनाभर राहिला तरी पुष्कळ. म्हणून उन्हाळी पिकातील घरच्यापुरती फळे ठेवून उरलेली ज्येष्ठापूर्वी विकून टाकणे हितावह होय. पेण, वडखळ व रोहा येथील बाजार जवळ आहेत. टेम्पोत भरताना खाली व दोन थरांमध्ये पेंढा घालावा व तीनपेक्षा अधिक थर रचू नयेत. बाजारातही देठ असलेले फळ गिऱ्हाईक आधी उचलते.

अपुरी राहिलेली फळे

वादळी पावसाने मांडव कोसळला, गुरांनी वेल तोडला किंवा भुरीने तो वाळला, तर कच्ची फळे हाती येतातच. ती निवडून दोन भाग करावेत. ज्यांची चकाकी गेली आहे व रंग पालटू लागला आहे ती देठासह पडवीत दोन-तीन आठवडे उबदार, वाऱ्याच्या जागी ठेवावीत. त्यांना रंग येतो व थोडी गोडीही उतरते. ती जूनच्या तोडीची होत नाहीत, पण भाजीला चांगली लागतात. ज्यांत नख सहज रुतते ती आठवड्याच्या आत भाजी किंवा सांडगे करून संपवावीत, उरलेली बारीक तुकडे करून गुरांना घालावीत. मोठी फोड गुराच्या घशात अडकते, याची आठवण मुलांना द्यावी. कोणताही भोपळा शिजविण्यापूर्वी त्याचा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा व ते फळ मनुष्यांना किंवा जनावरांना न घालता पुरावे. कडू भोपळ्याने उलट्या-जुलाब होतात व शिजवून तो कडूपणा जात नाही.

बियाणे

पुढील वर्षाचे बी राखावयाचे असल्यास सर्वांत आधी धरलेले, निरोगी वेलावरील, घरच्या मंडळींना चवीने पसंत पडलेले फळ निवडावे. ते तोडल्यानंतर महिनाभर तरी अखंड ठेवावे, कारण या काळात आतील बी अधिक पोसले जाते व उगवणही चांगली होते. भोपळ्याचा संकर दुध्याशी किंवा कोहळ्याशी होत नाही, ही भीती निराधार आहे. पण शेजारच्या परड्यातील दुसऱ्या जातीच्या तांबड्या भोपळ्याशी तो मधमाश्यांच्या द्वारे सहज होतो. म्हणून ‘अर्का चंदन’ किंवा ‘पुसा विश्वास’ यांसारख्या सुधारित जातीचे बी शुद्ध राखावयाचे असेल, तर मादी फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. त्याच जातीच्या दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या एका नर फुलावरही तशीच पिशवी बांधावी, कारण उघड्या फुलावर माश्या सकाळी आपण पोचण्याआधीच परका पराग आणून ठेवतात. सकाळी ते नर फूल खुडून हाताने त्याचा पराग मादी फुलावर लावावा व मादी फुलाची पिशवी पुन्हा बांधावी. संकरित बियाण्यापासून निघालेले बी ठेवू नये, त्याची पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. सुधारित जातींची माहिती दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात मिळू शकते.

बी गरातून काढून पाण्यात चोळून धुवावे, तरंगणारे पोचट दाणे टाकून द्यावेत व उरलेले सावलीत फडक्यावर पसरून आठ दिवस वाळवावे. दाणा वाकविला असता कटकन मोडला म्हणजे ते वाळले. मग राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर जातीचे नाव व वर्ष लिहावे आणि डबा मृगापर्यंत चुलीपासून दूर, थंड जागी ठेवावा.